गगनबावड्याची एफसी उद्यमनगरात

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता रंकाळा आणि फुलेवाडी मागे टाकतो, बालिंग्याच्या पुलावरून भोगावती ओलांडतो आणि कळे, साळवण, असळज अशी गावे घेत ५५ किलोमीटरवर गगनबावड्याला पोचतो. पहिला निम्मा रस्ता उसाचा, पुढचा भाताचा. मग झाडी दाट होत जाते, घरांच्या भिंती जांभ्याच्या दिसू लागतात आणि अखेर सह्याद्रीची कड येते. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. जिल्ह्यातला सगळ्यात दांडगा पाऊस इथला. आषाढ-श्रावणात कुंभी फुगली की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येते आणि गगनबावड्याची एस.टी. अडकून पडते. खुंटीला टांगलेली छत्री वाळत नाही, सोप्यातल्या पेटीला बुरशी चढते आणि विळा-खुरप्याला एका रात्रीत गंज धरतो.

अशा मुलखात एखादी मोटारगाडी सत्तावीस वर्षे एका जागी उभी राहिली तर तिचे काय होईल, याचा अंदाज शेतकरी वाचकांना सांगायला नको. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावात माझ्या मामांच्या गोठ्याशेजारी मंगलोरी कौलांच्या छपरात अशी गाडी उभी होती. महिंद्राची फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. आमच्या भागात तिला नुसते ‘एफसी’ म्हणतात. जीपसारखे लांब नाक तिला नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन त्याच्या शेजारी, केबिनमध्येच, पत्र्याच्या पेटीखाली असते. त्यामुळे तोंड चपटे आणि मागे माल भरायला हौदा मोठा.

अमेरिकेत विलीज कंपनीने या घडणीची गाडी १९५६ साली आणली. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जोडणी हाती घेतली होती. १९६५ च्या सुमारास त्यांनी ही पिकअपही आपल्याकडे काढली. इंजिन जीपचेच, चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. मामांच्या वडिलांनी ती १९७१ साली घेतली. तिने गूळ ओढला, भाताची पोती ओढली, बाळंतिणी कोल्हापूरला नेल्या, लग्नाची वऱ्हाडे घाटाखाली उतरवली. १९९८ मध्ये घरी डिझेलची नवी गाडी आली आणि एफसी छपरात गेली.

प्रश्न उभा राहिला तो भंगारवाल्यामुळे. तो दारात येऊन किलोचा भाव बोलून गेला. मामींना छपराची जागा वासरांसाठी हवी होती आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मामांचा धाकटा मुलगा म्हणाला, “आबा, विकू नका. तांबडा रंग मारू, प्रदर्शनात लावू.” मामा म्हणाले, “लावायची असंल तर भाड्याला लाव. गाडी काय गणपती हाय व्हय मांडून ठेवायला?” भंगार, प्रदर्शन की काम, या तिघांत निवड करायची होती. आणि ती निवड गाडीची हाडे पाहिल्याशिवाय करता येत नव्हती.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत, भात मळून झाल्यावर, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक मिस्त्री आम्ही गावी आणले. साठी उलटलेला माणूस, जीपच्या कामात केस पिकलेले. आल्याआल्या त्यांनी बॉनेट नव्हे, कागद मागितले. आर.सी. पुस्तक मामींच्या ट्रंकेत, जरीच्या लुगड्याखाली निघाले. नंबर जुना, एम अक्षराने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा. मिस्त्रींनी चॅसीवरचा गंज पोलिश पेपरने घासला आणि तिथला नंबर पुस्तकाशी पडताळून पाहिला. जुळला. मग हातोडीच्या टोकाने चॅसीच्या दोन्ही पट्ट्या पुढून मागेपर्यंत टकटक करत वाजवल्या. घट्ट आवाज आला तिथे पुढे सरकले, भद्द आवाज आला तिथे खडूची खूण केली. खुणा दोनच झाल्या, दोन्ही मागच्या कमानीजवळ.

“हाड शाबूत हाय मामा,” ते म्हणाले. “कागद नसतं आणि चॅसी कुजली असती तर मीच तुम्हाला म्हणालो असतो, भंगारवाल्याला बोलवा.”

ही कसोटी माझ्या मते सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंजिन जाम असले तरी सुटते, पत्रा नवा घालता येतो, पण कागद आणि चॅसी ही दोन्ही गेलेली असतील तर मायेपोटी पैसा घालू नये.

मामांच्या पोराला घाई झाली होती. त्याने घरच्या गाडीची बॅटरी काढून आणली होती. मिस्त्रींनी ती परत ठेवायला लावली. “सुरू झाली तर थांबवणार कशानं? आणि सुरू न्हाईच झाली, आत रिंगा चिकटलेल्या असल्या, तर ओढून मोडशील.” त्यांनी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण थोडे थोडे ओतले आणि प्लग हलकेच परत लावले. हवेच्या फिल्टरच्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरटी केली होती आणि सीटच्या काथ्यात उंदरांनी. तशीच बॅटरी जोडून स्टार्टर मारला असता तर ती माती थेट सिलिंडरमध्ये गेली असती.

आठ दिवसांनी गाडी कोल्हापूरला न्यायची ठरली. दोर बांधून ओढून न्यावी असे गावातल्या चौघांनी सुचवले. ब्रेक नसलेली गाडी दोरावर घालणे म्हणजे पुढच्या गाडीच्या पाठीत ती घालण्याची तयारीच. ओढ्याच्या कडेला उंच बांध आहे, त्याला ट्रक मागून लावला, मध्ये फळ्या टाकल्या आणि दहा जणांनी एफसी ढकलून ट्रकच्या हौद्यात चढवली. चाकांना लाकडी गट्टू आणि चारी बाजूंनी साखळ्या. रस्त्याने शाळेची पोरे हात करत होती.

उद्यमनगर हे शेतकऱ्याने एकदा तरी पायी फिरून पाहावे असे ठिकाण आहे. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि तांबडा-पांढरा एवढ्यावर आपण कोल्हापूर संपवतो. पण हे शहर हाताने यंत्र घडवणाऱ्यांचेही आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०६ साली इथे कापडाची गिरणी उभी राहिली. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथेच स्वतः बनवला आणि त्याच्यावर ‘सैरंध्री’ काढला. पुढे नदीकाठच्या मळ्यांवर ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांवर उसाचे चरक आले. ते बिघडले की दुरुस्त करायला माणसे लागली. दुरुस्ती करता करता ती माणसे सुटे भाग ओतू लागली, आणि त्यातून आजचा फाउंड्रीचा पसारा झाला. मोठे कारखाने आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत आहेत. उद्यमनगरच्या बोळांत मात्र अजून एकेक लेथ घेऊन बसलेले कारागीर भेटतात. एका दारात लाकडाचे पॅटर्न घडत असतात, दुसऱ्या दारात सिलिंडर बोअर होत असतो, तिसऱ्यात क्रँक ग्राइंडिंग चाललेले. जळक्या वाळूचा आणि कटिंग ऑइलचा वास सकाळपासून नाकात बसतो. बाजारात न मिळणारा भाग इथे ‘मिळतो का’ असे कोणी विचारत नाही. नमुना पुढे ठेवायचा आणि ‘कधी देता’ एवढेच विचारायचे.

एफसीची खरी परीक्षा ब्रेकमध्ये झाली. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि पायाचा दाब एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच नळीजाळ्यातून चौघांना जातो. हल्लीच्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी धरते. इथे एका चाकाचे वॉशर गळाले की चारही ब्रेक गेले. शिवाय ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते. गगनबावड्याच्या हवेत सत्तावीस वर्षे ते काय प्यायले असेल! ड्रम उतरवले तेव्हा व्हील सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडलेले होते. नुसती नवी वॉशर घातली असती तर आठ दिवसांत फाटली असती. मिस्त्रींनी सिलिंडर शेजारच्या लेथवर नेले. कारागिराने आतले भोक मोठे केले, त्यात पितळी स्लीव्ह दाबून बसवली आणि मूळ मापाला घासून आरशासारखी केली. लोखंडी नळ्या सगळ्या नव्या, रबरी होज नवे, वॉशर नवी.

एक तंबी त्यांनी पोराला दोनदा दिली. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचे तेल चुकूनही घालायचे नाही. त्याने वॉशर फुगतात आणि ब्रेक चिकटून बसतो किंवा जातो. ट्रॅक्टरच्या घरात ही डबी-डबीची अदलाबदल सहज होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

टायर वरून बरे दिसत होते, नक्षीही होती. पण बगलेला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा. गाडी उभी ठेवली तरी रबराचे वय थांबत नाही. आता टायरच्या बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नवे टायर घेतानाही ते वाचून घ्यावेत, कारण दुकानात पडून राहिलेला टायर हाही उभाच राहिलेला असतो. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते. जिथे शिल्लक होते तिथे वेष्टण बोटाने सोलले जात होते. ते सगळे काढून नवे टाकले आणि मूळ गाडीत होते त्यापेक्षा जास्त फ्यूज घातले. केबिनमध्ये पायाशेजारी इंजिन आणि पेट्रोलची नळी असताना ठिणगीची चेष्टा नको.

यानंतर इंजिन. प्लग काढून क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावला. मिस्त्रींनी एका हाताने दाब दिला. नट दोन बोटे हलला. पुन्हा उलटा, पुन्हा सुलटा. संध्याकाळपर्यंत एक पूर्ण फेरा झाला आणि पोराने शिट्टी मारली. पण एका सिलिंडरला दाब येईना. या इंजिनाची घडण जरा वेगळी आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. खालचा एक व्हॉल्व्ह गंजाने उघडाच अडकला होता. ब्लॉकच्या बगलेचे झाकण काढून, तेल सोडून, हलक्या हाताने ठोकत दोन दिवसांत तो सुटला. ब्लॉकला पाण्याच्या वाटेवर पत्र्याच्या बशीसारखी बुचे असतात. त्यांतली दोन बोटाने दाबताच आत गेली. सगळीच बदलली. रेडिएटरमध्ये मळी आणि चुना बसला होता, त्याचा गाभा नवा करावा लागला.

टाकी उतरवली तेव्हा तळाशी डांबरासारखा राळीचा थर होता आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. धुतलेली बारीक खडी आणि साखळीचा तुकडा आत घालून टाकी दोघांनी डेऱ्यासारखी घुसळली, तीन वेळा धुतली, उन्हात वाळवली. तिला एक भोक होते. इथे जीवावर बेतते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि भरल्या टाकीपेक्षा ती वाईट. मिस्त्रींनी टाकी गावातल्या वेल्डरकडे न देता, वाफ काढून आणि पाणी भरून डाग देणाऱ्याकडे दिली.

पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या उसाशी येऊन भिडते. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. त्यातले बरेच आपल्याच कारखान्यांतून जाते. १९७१ च्या गाडीतले रबर त्यासाठी केलेले नव्हते, ते फुगते आणि चिरते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून अशी गाडी महिना-महिना उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये. उसाचा पैसाही हवा आणि जुने रबरही टिकावे, हे दोन्ही जमायचे नाही.

महाशिवरात्रीनंतरच्या एका सकाळी एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने प्लगच्या वायरी लागल्या, नवे ऑइल भरले, आणि स्टार्टर दिला. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा कार्बोरेटरमधून एक शिंक. तिसऱ्यांदा इंजिनाने धरले. निळा-पांढरा धूर एवढा निघाला की समोरचा लेथवाला शिव्या देत बाहेर आला, आणि गाडी पाहून तिथेच उभा राहिला. दहा मिनिटांत धूर विरळ झाला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिनाच्या पेटीवर हात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

पण गिअर पडेना. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली होती. गिअरबॉक्स उतरवण्याआधी मिस्त्रींनी एक उपाय केला. मागची चाके ठोकळ्यांवर उचलली, पुढच्या चाकांना गट्टू लावले, गाडी वरच्या गिअरमध्ये सुरू केली, क्लच पूर्ण दाबून धरला आणि हळूहळू ब्रेक दाबत गेले. तिसऱ्या खेपेला खाडकन आवाज होऊन प्लेट सुटली. ब्रेक आधी करून घेतल्याचा हा आणखी एक फायदा. गाडी नुसती जॅकवर असताना हा प्रयोग कोणी घरी करू नये.

खर्चाचे विचाराल तर तो दोन चांगल्या दुभत्या म्हशींच्या किमतीत बसला. त्यातही ब्रेक, टायर आणि वायरिंग यांनी मिळून इंजिनापेक्षा जास्त घेतले. गाडी लिटरला सात किलोमीटर जाते, घरची डिझेल पिकअप त्याच्या दुप्पट. म्हणजे निव्वळ हिशेबाने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे आणि तसे स्पष्ट सांगितलेले बरे. मामांना ते ठाऊक होते. लांबच्या फेऱ्या त्यांना करायच्याच नव्हत्या. मळ्यातून वैरण, डेअरीला दुधाचे कॅन, मोसमात गुळाच्या ढेपा, एवढेच.

आता कागदाचा फाटा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ घडणीत मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मामांची एफसी वयाने त्यात बसत होती, आणि पोराचे मन तिकडेच होते. पण त्याच नियमांत असेही आहे की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतीच तिला मुभा. दुधाचा एक कॅनसुद्धा तिने न्यायचा नाही. दुसरी वाट म्हणजे मालवाहू गाडी म्हणून जुनी नोंदणी जिवंत करणे. त्यासाठी जुन्या पुस्तकाची माहिती संगणकावर चढवून घ्यावी लागते, थकलेला कर आणि पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी काढावी लागते आणि फिटनेस दरवर्षी घ्यावे लागते. गाडी छपरात घालताना वापर बंद असल्याचे परिवहन कार्यालयाला आधी लेखी कळवले असेल तर कराचे ओझे हलके होते. मामांच्या वडिलांनी ते कळवले होते आणि पोचपावती पुस्तकातच घडी घालून ठेवली होती! तो कागदाचा कपटा या सगळ्या कामात बहुधा सर्वांत मोलाचा ठरला. फीचे दर वरचेवर बदलतात, ते त्या त्या वेळी कार्यालयातच विचारावेत.

बाप-लेकाचे दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “तुझा तांबडा रंग मार. पण पाटी धंद्याचीच.” फिटनेसच्या तपासणीत हेडलाइटचा झोत वर जातो म्हणून गाडी एकदा परत आली, झोत खाली घेतल्यावर दुसऱ्या खेपेला पास झाली.

घरी नेण्याआधी मिस्त्रींनी तिला जोतिबाला नेले. कोल्हापूरकर नवी गाडी जोतिबाला नेतातच, त्यात गुलालाइतकीच परीक्षाही असते. वाडी रत्नागिरीचा चढ इंजिन आणि रेडिएटर जोखतो, उतार ब्रेक जोखतो. वर जाताना पाण्याचा काटा मध्यावर थांबून राहिला. उतरताना मिस्त्रींनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तीन ठिकाणी थांबवली आणि प्रत्येक वेळी उतरून ड्रमजवळ हात नेऊन पाहिले. चारही सारखे कोमट. एखादा थंड राहिला असता तर तो ब्रेक धरत नव्हता, एखादा तापला असता तर तो सुटत नव्हता. “आता न्या,” ते म्हणाले.

परतीला मामा स्वतः चालवत होते, वेग चाळिशीच्या आत. हौद्यात पेंडीची दहा पोती आणि मामींनी सांगितलेले जर्मनचे मोठे पातेले. इंजिनाच्या पेटीवर पोत्याची घडी टाकून मी मध्ये बसलो होतो, बूड शेकत होते. बालिंग्याच्या पुलावर मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला, मामांनी हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिले. कळ्याला चहा झाला. साळवणच्या पुढे हवा बदलली. घरी पोचलो तेव्हा छपरात दोन वासरे बांधलेली होती आणि मामी म्हणाल्या, “गाडी फणसाखाली लावा. ही आता तिथं हलणार न्हाईत.” मामांनी गाडी फणसाखाली लावली आणि पावसाळ्यासाठी ताडपत्री किती लागेल ते पावलांनी मोजू लागले.